दिवसभर घरभाडं वसूल करणाऱ्या कारकुनाने खिशातल्या पेन्सिलीने अख्खं शहर कागदावर उतरवलं

ऑक्टोबर २०२२. लंडनमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात एक चित्र विकलं गेलं. चित्रात काय होतं, तर फुटबॉलची मॅच बघायला निघालेली गर्दी. ना कुठली राणी, ना लढाई, ना देव. डोक्यावर टोप्या, अंगात कोट, पुढे झुकून लगबगीने चाललेली शेकडो माणसं आणि मागे बोल्टन गावचं स्टेडियम. किंमत किती आली? ७८ लाख पौंड. त्यावेळच्या दराने ७० कोटी रुपयांच्या पुढे.

हे चित्र काढणारा गडी होता एल. एस. लाउरी. इंग्लंडमध्ये हे नाव शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. काडेपेटीतल्या काड्यांसारखी माणसं काढणारा चित्रकार अशी त्याची ओळख. १९७८ साली त्याच्यावर आणि त्याच्या या काडी-माणसांवर केलेलं गाणं ब्रिटनमध्ये एक नंबरला होतं.

पण आज आपला विषय तो लिलाव नाही. विषय आहे ही गर्दी लाउरीच्या डोळ्यांत आणि हातात आली कुठून हा. त्यासाठी त्याच्या कोटाच्या खिशात बघावं लागतं. त्या खिशात दोन गोष्टी असायच्या. भाड्याच्या वसुलीचे कागद आणि पेन्सिल.

तर सुरुवातीपासून सांगतो.

लॉरेन्स स्टीफन लाउरीचा जन्म १ नोव्हेंबर १८८७ चा, मँचेस्टरला लागून असलेल्या स्ट्रेटफर्डमधला. वडील रॉबर्ट हे एका जमीनजुमल्याच्या कंपनीत कारकून. आई एलिझाबेथ उत्तम पियानो वाजवायची. तिला मुलगी हवी होती, झाला मुलगा, आणि ही नाराजी तिने कधी फारशी लपवली नाही. घरचं राहणीमान मात्र नीटनेटकं. व्हिक्टोरिया पार्क नावाच्या झाडाझुडपांच्या, बऱ्या घरातल्या लोकांच्या भागात हे कुटुंब राहायचं.

१९०९ मध्ये पैशांची ओढाताण झाली आणि बिऱ्हाड हलवावं लागलं. नवीन पत्ता ११७, स्टेशन रोड, पेंडलबरी. आजूबाजूला कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी, धुराची धुरांडी आणि एकाला एक चिकटलेली कामगारांची घरं. आईला हा उतार सहन झाला नाही. लाउरीलाही सुरुवातीला ही जागा अजिबात आवडली नव्हती. मग हळूहळू सवय झाली, आणि सवयीचं पुढे वेड झालं.

हे वेड लागलं कधी, याची एक गोष्ट तो म्हातारपणी रंगवून सांगायचा. १९१६ साल. पेंडलबरी स्टेशनवर त्याची गाडी चुकली. वैतागून जिना चढून वर आला तर समोर ॲक्मे स्पिनिंग कंपनीची गिरणी. पाळी सुटलेली, शेकडो माणसं बाहेर पडतायत, मागे संध्याकाळचं आभाळ. रोज बघितलेली जागा त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली, असं त्याचं म्हणणं. गोष्ट जरा जास्तच बेतशीर वाटते. सात वर्षं ज्या गावात राहिला ते एका चुकलेल्या गाडीमुळे दिसलं, असं घडत नसावं. पण त्या सुमारापासून त्याच्या कागदावर गिरण्या आणि गर्दी यायला लागली, एवढं नक्की.

आता नोकरीचं बघू. सोळाव्या वर्षी शाळा सोडून लाउरी एका हिशेबनिसांच्या पेढीत कारकून म्हणून लागला होता. मग एका विमा कंपनीत गेला, तिथून कमी केलं. १९१० मध्ये त्याला पॉल मॉल प्रॉपर्टी कंपनीत जागा मिळाली. काम दोन प्रकारचं. ऑफिसात बसून हिशेब लिहायचे आणि मँचेस्टरच्या वस्त्यांमध्ये पायी फिरून दारोदार भाडं गोळा करायचं. ही नोकरी त्याने किती वर्षं केली असेल? ४२. वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत, १९५२ मध्ये पेन्शन घेऊन निवृत्त होईपर्यंत. शेवटी तो तिथे मुख्य रोखपाल होता.

म्हणजे ज्या काळात त्याची चित्रं लंडनच्या गॅलरीत लागत होती, टेट संग्रहालय ती विकत घेत होतं, त्या काळात हा माणूस रोज सकाळी ऑफिसला जात होता. आणि हे त्याने जगापासून जवळपास लपवून ठेवलं. कारण साधं होतं. नोकरी करतो म्हटल्यावर लोक आपल्याला सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून रंग फासणारा समजतील, याची त्याला धास्ती होती. त्याच्या मृत्यूनंतर हे सगळीकडे कळलं तेव्हा अनेकांना धक्काच बसला.

हौशी तर तो अजिबात नव्हता. काडीसारखी माणसं बघून बऱ्याच लोकांना वाटतं की याला माणूस काढता येत नसावा. सॅलफर्डच्या संग्रहात त्याने क्लासमध्ये मॉडेल समोर बसवून केलेली पेन्सिल चित्रं आहेत, ती एकदा बघाच. खांद्याचं हाड, मानेचा वळसा, पोटावरची घडी, सगळं जागच्या जागी. १९०५ पासून तो मँचेस्टरच्या कलाशाळेत संध्याकाळच्या वर्गाला जायचा. आधी ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती समोर ठेवून रेखाटन, मग जिवंत माणूस. तिथे त्याला अडोल्फ व्हालेट नावाचा फ्रेंच मास्तर भेटला. हा पॅरिसकडची इम्प्रेशनिस्ट चित्रकला घेऊन मँचेस्टरला आला होता आणि तिथल्या धुक्याची, ओल्या रस्त्यांची चित्रं काढत होता. आपल्या धुरकट गावात चित्र काढण्यासारखं काहीतरी आहे, हे लाउरीने या परदेशी माणसाच्या चित्रांत बघितलं.

१९१५ पासून पुढची दहाएक वर्षं तो सॅलफर्डच्या कलाशाळेत जात राहिला. नोकरी सांभाळून २० वर्षं संध्याकाळचे वर्ग. तुम्हीच हिशेब करा.

ही सॅलफर्डची शाळा पील पार्क नावाच्या बागेला लागून होती. बागेत बँडस्टँड, पायऱ्या, रेलिंग, फिरायला आलेली माणसं. शाळेच्या खिडकीतून खाली बघितलं की सगळं वरून दिसायचं. लाउरीच्या चित्रांत आपण नेहमी थोड्या उंचीवरून, पहिल्या मजल्यावरून बघितल्यासारखं बघतो. ती सवय याच खिडक्यांनी लावली असावी, असं मला वाटतं. १९२४ मध्ये त्याने तिथल्या एका खिडकीतून मँचेस्टरच्या दिशेचा देखावा पेन्सिलीत काढला. छपरांच्या रांगा, त्यामागे अजून छपरं, मग धुरांडी, आणि लांब जाता जाता सगळं करड्या धुरात विरघळलेलं. रंगाचा एक थेंब नाही.

आता त्याची पद्धत नीट समजून घेऊ, कारण खरी मजा इथेच आहे.

लाउरीची पेन्सिल चित्रं ढोबळमानाने दोन जातीची. पहिली जात रस्त्यावरची. वसुलीला निघालेला माणूस चौकात स्टूल टाकून तासभर बसू शकत नाही. त्याच्याकडे एक दोन मिनिटं असतात. मग तो खिशातून हाताला लागेल ते काढायचा. जुनं पाकीट, पत्राची मागची बाजू, कसलातरी कपटा. त्यावर चार रेघा मारायच्या. एका घराच्या छपराचा कोन, वाकलेला दिव्याचा खांब, पाठीत पोक आलेला म्हातारा, कुत्रं ओढत नेणारी बाई. चित्र पूर्ण करायची घाईच नाही, कारण हे चित्र नव्हतंच. ही नोंद होती. भाड्याच्या वहीत कोणी किती दिले ते टिपायचं, तसंच पाकिटावर कोण कसं उभं होतं ते टिपायचं.

हे करताना माणूस एकाच रेघेत पकडावा लागतो. चेहरा काढायला वेळ नाही, पण चालण्याची ढब सापडली पाहिजे. थंडीत माणूस पुढे झुकून चालतो, पाय जड बुटांत असतात, हात खिशात असतात. म्हणून लाउरीची माणसं वरून बारीक आणि पायाशी जड. त्यांना काड्या म्हणणं तितकंसं बरोबर नाही. काडी ताठ असते. यातला प्रत्येक जण कुठेतरी वाकलेला आहे आणि प्रत्येकाचं वाकणं वेगळं आहे.

दुसरी जात घरी बसून केलेल्या चित्रांची. इथे मात्र तो घाई करत नसे. कडक पेन्सिलीने इमारतीची कड, खिडक्यांच्या चौकटी, रेलिंगचे गज काढायचे. मऊ पेन्सिलीने काळोख भरायचा. मग बोटाने शिसं कागदावर घोटायचं, की धूर तयार. खोडरबराने काही ठिकाणी ते उचलायचं, की फिकट आभाळ तयार. मँचेस्टरची हवाच अशी होती की तिथे स्वच्छ पांढरं काही नव्हतं आणि ठार काळंही काही नव्हतं. शिसपेन्सिलीला नेमकं तेच जमतं. १९३० च्या आसपासची त्याची पेंडलबरीतल्या सेंट ऑगस्टीन चर्चची आणि स्विंटनच्या शाळेची चित्रं बघा. घोटून घोटून केलेला करडेपणा जवळपास मखमलीसारखा दिसतो. रेखाटन म्हणजे रंगीत चित्राआधीची तयारी, असं तो मानत नव्हता. त्याच्या लेखी दोघांचं वजन सारखं.

रंगातसुद्धा त्याने हात आखडताच ठेवला. आयुष्यभर फक्त पाच रंग. पांढरा, काळा, शेंदरी, प्रशियन निळा आणि पिवळी माती. त्याची तैलचित्रं बघताना ती पेन्सिल लपत नाही. सावली जवळपास कुणाचीच पडत नाही, आकाश मळक्या पांढऱ्या कागदासारखं, आणि त्यावर माणसं रेघांसारखी उमटलेली.

हे पांढरंही त्याला सहज सापडलेलं नाही. १९२१ मध्ये मँचेस्टरमध्ये दोन चित्रकारांबरोबर त्याचं प्रदर्शन झालं. मँचेस्टर गार्डियन या पेपरात बर्नार्ड टेलर या समीक्षकाने कौतुक केलं खरं, पण चित्रं फार अंधारी आहेत, गर्दी मागच्या काळोखात बुडते, हेही त्याला सांगितलं. लाउरीला ते लागलं आणि पटलंही. मग त्याने फळीवर पांढऱ्या रंगाचे थर दिले आणि ती काही वर्षं बंद करून ठेवली. उघडून बघितली तर पांढऱ्याला पिवळसर करडी झाक आलेली. हाच आपला रंग, हे त्याने नक्की केलं. नोकरी पक्की असलेल्या माणसालाच इतका धीर परवडतो, हे त्या नोकरीबद्दल चांगलं बोलायचं तर बोलता येईल.

१९२५ च्या गोइंग टू द मिल या चित्राची गोष्ट तर भारी आहे. गार्डियनच्याच एका संपादकाने ते १० पौंडांना घेतलं. लाउरीला वाटलं आपण जास्त पैसे लावले, म्हणून त्याने सोबत अजून एक चित्र फुकट दिलं. १० पौंडवालं चित्र २०२५ मध्ये लिलावात ८ लाख पौंडांच्या वर गेलं.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. गरीब वस्तीत फिरणारा, तिथल्या माणसांवर जीव लावणारा चित्रकार. पण एक गोष्ट टोचते आणि ती बाजूला सारून पुढे जाता येत नाही.

१९२८ मध्ये लाउरीने द रिमूव्हल नावाचं चित्र काढलं. भाडं थकलेल्या एका कुटुंबाला घराबाहेर काढलंय, त्यांचा संसार रस्त्यावर आलाय आणि शेजारपाजारचे बघत उभे आहेत. आता विचार करा, हे कोण काढतंय? ज्याची स्वतःची पोटापाण्याची नोकरी भाडं वसूल करण्याची आहे तो माणूस. दार वाजलं की ज्याला बघून आतल्या बाईच्या पोटात गोळा यायचा, त्याच माणसाच्या खिशात ती पेन्सिल होती.

त्याची अशी बरीच चित्रं आहेत. १९२६ च्या ॲन ॲक्सिडेंटमध्ये लोक कशाभोवती तरी जमलेत, काय झालंय ते आपल्याला दिसत नाही, दिसतात फक्त पाठी. हे चित्र मँचेस्टरच्या संग्रहालयाने १९३० मध्ये घेतलं. ॲन अरेस्टमध्ये कुणाला तरी पकडून नेतायत. १९३५ च्या द फीव्हर व्हॅनमध्ये साथीच्या रोग्याला न्यायला गाडी आलीय आणि गल्ली दारात उभी आहे. या सगळ्यांत चित्रकार कुठे आहे? गर्दीच्या मागे, थोडा उंचावर, लांब. कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नाही, कुणाची बाजू घेऊन ओरडत नाही.

यावरून त्याच्यावर टीकाही झाली. कामगारांना त्याने मुंग्या करून टाकलं, त्यांना चेहरे दिले नाहीत, असं म्हणणारे होते आणि आहेत. मला ही टीका अर्धीच पटते. वसुलीवाला कुठल्याच गल्लीत आपला नसतो. आठवड्याला येतो, सगळ्यांना ओळखतो, पण त्याला कुणी बसा म्हणत नाही. लाउरीने जिथे उभं राहून बघितलं तिथूनच काढलं. आपण त्यांच्यातलेच आहोत असं नाटक केलं असतं तर चित्रं जास्त लोभस झाली असती आणि खोटी निघाली असती. मात्र आपल्या नोकरीचं नाव त्याने लपवलं नसतं, तर द रिमूव्हल बघणाऱ्यांना ते वेगळं दिसलं असतं, हेही तितकंच खरं.

हे वाचताना मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर परळ-लालबाग आलं असेल, तर त्यात नवल नाही. मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅम गावची प्लॅट ब्रदर्स ही कंपनी मुंबईच्या गिरण्यांना यंत्रं पुरवायची. भोंगा, धुरांडं, पाळी सुटल्यावरचा लोंढा आणि गिरणीच्या भिंतीला चिकटलेली घरं, हा सगळा साचा एकाच धंद्यातून आलेला.

घरची बाजू तेवढी सुखाची नव्हती. १९३२ मध्ये वडील गेले आणि मागे कर्ज ठेवून गेले. आईने अंथरूण धरलं ते सात वर्षं सोडलं नाही. तिची सगळी उस्तवार लाउरीच करायचा. दिवसा वसुली, संध्याकाळी आई, आणि रात्री दहाच्या सुमाराला ती झोपली की पहाटे दोनपर्यंत चित्रं. आईला त्या चित्रांचं फारसं कौतुक नव्हतं. तिला ज्या गावातून बाहेर पडायचं होतं, पोरगा तेच गाव रात्र रात्र जागून काढत बसायचा.

१९३८ मध्ये लंडनच्या लफेव्हर गॅलरीतले मॅकनील रीड एका फ्रेमवाल्याकडे गेले होते. तिथे त्यांना लाउरीची चित्रं दिसली. १९३९ च्या सुरुवातीला त्याचं लंडनमधलं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन लागलं आणि टेटने एक चित्र घेतलं. तेव्हा तो ५१ वर्षांचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आई गेली. ज्या एका माणसाला दाखवायचं होतं ती व्यक्तीच राहिली नाही, ही खंत त्याने पुढे अनेकदा बोलून दाखवली.

आईनंतर त्याचं घराकडे लक्षच उडालं. डागडुजी होईना, घर मोडकळीला आलं आणि १९४८ मध्ये घरमालकाने ते ताब्यात घेतलं. भाडं वसूल करणाऱ्याचंच घर गेलं. लाउरी मॉट्रम नावाच्या गावी राहायला गेला. तिथलं घर त्याला कधीच आवडलं नाही आणि त्याने ते मरेपर्यंत सोडलंही नाही.

नंतर मानसन्मान खूप आले. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकासाठी अधिकृत चित्रकार म्हणून नेमणूक, १९६२ मध्ये रॉयल अकॅडमीचं पूर्ण सदस्यत्व. पण सरकारी किताब त्याने एकूण पाच वेळा नाकारले, १९६८ मधली सर ही पदवी धरून. ब्रिटनमध्ये हा विक्रम मानला जातो. आई नसताना हे घेऊन करू काय, असा त्याचा सूर होता. लग्न केलं नाही, गाडी घेतली नाही. भेटायला येणाऱ्यांचा त्रास नको म्हणून दाराशी बॅग भरून ठेवायचा, म्हणजे आत्ताच बाहेर निघालोय असं सांगता यावं. एकदा एका भल्या माणसाने स्टेशनपर्यंत सोडतो म्हटल्यावर त्याला खरंच गाडीत बसावं लागलं, असा किस्सा सांगतात.

दरम्यान त्याचं शहर संपत चाललं होतं. गिरण्या बंद पडत होत्या, १९६० च्या दशकात जुन्या वस्त्या पाडून तिथे उंच इमारती येत होत्या. लाउरीला हे आधीपासून माहीत होतं. १९२७ मध्ये सॅलफर्डचं सेंट सायमन चर्च पाडणार असल्याचं वडिलांकडून कळल्यावर तो लगेच जाऊन ते काढून आला होता. लवकरच चर्च पडलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने मँचेस्टर पेटलं तेव्हा तो एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर आगीची राखण करायला असायचा, आणि उजाडलं की पडलेल्या इमारतींची चित्रं काढायचा. म्हातारपणी गिरण्या आणि गर्दी त्याच्या कागदावरून जवळजवळ गेलीच. उरले एकटेदुकटे लोक, मागे रिकामी जागा, किंवा नुसता समुद्र.

२३ फेब्रुवारी १९७६ ला तो गेला, वय ८८. मँचेस्टरच्या सदर्न सेमेटरीत आई-वडिलांशेजारी त्याला पुरलं. मालमत्ता आणि चित्रं त्याने एका तरुणीच्या नावे केली होती. ती १३ वर्षांची असताना, आडनाव सारखं म्हणून, चित्रकार कसं व्हायचं हे विचारायला तिने त्याला पत्र लिहिलं होतं.

लंडनच्या बड्या कलाजगताने त्याला बराच काळ गावाकडचा चित्रकार म्हणून जरा लांबच ठेवलं. टेटने त्याची चित्रं घेऊन ठेवली होती, पण भिंतीवर फारशी लावत नाही म्हणून आरडाओरड झाली आणि २०१३ मध्ये अखेर तिथे त्याचं मोठं प्रदर्शन भरलं. सॅलफर्डने मात्र वाट बघितली नाही. जुन्या गोदीच्या जागेवर २००० साली उभ्या राहिलेल्या कलाकेंद्राचं नावच द लाउरी आहे. २०२२ च्या लिलावात ते मॅचवालं चित्र घेतलं तेही याच केंद्राने, एका धर्मादाय संस्थेच्या पैशांवर, ते कुणा श्रीमंताच्या दिवाणखान्यात गायब होऊ नये म्हणून.

तिथली गॅलरी बघायला तिकीट लागत नाही. मँचेस्टरला कुणी शिकायला, नोकरीला असाल तर जाऊन या. गर्दी त्या फुटबॉलच्या चित्रासमोर असते. शाळेच्या खिडकीतून काढलेलं १९२४ चं ते पेन्सिल चित्रही याच संग्रहातलं आहे. भिंतीवर लावलेलं असेल तर जवळ जाऊन बघा, धुराच्या जागी बोटाने घोटलेलं शिसं दिसतं.